पोटातली मुलगी कोणाशी बोलते?

मागच्या डिसेंबरात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. सहावीतली एक मुलगी गुलाबी ओढणी गुंडाळून स्टेजवर मुटकुळं करून पडली होती, बाईंनी माइक तिच्या तोंडाशी धरलेला. ‘आई, मला मारू नकोस गं. मला हे जग बघू दे.’ पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मीही गहिवरले, खोटं कशाला बोलू! परतताना रिक्षात मात्र काहीतरी खटकायला लागलं. त्या नाटुकल्यात बाप नव्हता, सासू नव्हती, डॉक्टर नव्हता, सोनोग्राफीचं मशीनसुद्धा नव्हतं. पोटातली मुलगी फक्त आईशी बोलत होती. म्हणजे मारणारी कोण, ते आधीच ठरून गेलं होतं.

आता कायदा काय म्हणतो बघा. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा केंद्रीय कायदा 1994 चा. 2003 च्या दुरुस्तीनंतर आपण त्याला पीसीपीएनडीटी म्हणतो. त्याचं 24 वं कलम सांगतं, की बाईने तपासणी करून घेतली असेल, तर ती नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली करून घेतली असं कोर्टाने गृहीत धरायचं. उलट सिद्ध होईपर्यंत. कायद्याचा सगळा रोख सोनोग्राफी सेंटरवर आहे. मशीनची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म, आणि ती पाटी: ‘येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.’ पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर नीट वाचा. मनाई तपासणीला आहे, गर्भपाताला नाही.

हे आपोआप घडलं नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईत स्त्री संघटना आणि आरोग्याच्या क्षेत्रातले कार्यकर्ते एकत्र आले, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच होता. 1971 च्या कायद्याने बाईला सुरक्षित गर्भपाताची वाट दिली होती, ती तर बंद होता कामा नये. म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते तपासणीवर. 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला तो या रेट्यातून.

पण गावोगाव पोचला तो दुसराच शब्द, ‘स्त्रीभ्रूणहत्या’. भारदस्त आहे, घोषणेत बसतो. धर्मशास्त्रातल्या महापातकाचा वास आहे त्याला. ‘गर्भलिंगनिवड’ म्हणून कोण रडणार? मग 2011 ची जनगणना आली. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली. दहा वर्षांपूर्वी 913 होत्या. बीड जिल्ह्यात तर 807. एकच हलकल्लोळ झाला आणि यंत्रणा कामाला लागली. हत्या म्हटल्यावर आधी हत्यार शोधतात! ते सापडलं औषधाच्या दुकानात. गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशोब मागायला सुरुवात झाली, आणि अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडून दिलं.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा. या गोळ्या द्यायच्या त्या नवव्या आठवड्यापर्यंत. सोनोग्राफीत लिंग दिसायला लागतं साधारण बाराव्या आठवड्यानंतर. ज्या बाईला ती गोळी हवी आहे, तिला पोटात मुलगा आहे की मुलगी हे सोनोग्राफीतून कळलेलंच नसतं.

माझ्या ओळखीतली एक बाई तांबी बसवलेली असताना राहिली. तालुक्याच्या गावात केमिस्ट म्हणाला, ‘ताई, ठेवत नाही हो आम्ही, उगाच चौकशी मागे लागते.’ सरकारी दवाखान्यात पहिला प्रश्न काय? ‘आधीच्या दोन्ही मुलीच का?’ होत्या दोन्ही मुलीच. ती सांगत होती, ‘मला तिथे पोटूशी बाई कोणी समजलंच नाही, आरोपीच समजले.’ शेवटी एका खासगी ठिकाणी मागतील तेवढे पैसे मोजून मोकळी झाली.

केवळ शब्दाला दोष देऊनही भागत नाही म्हणा. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेल्या गृहाचं नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. त्यातही हत्या आहेच. पण फसलेल्या विधवेला त्यांनी पापीण म्हटलं नाही. गुपचूप येऊन बाळंत हो, मूल ने नाहीतर इथे ठेव, असं सांगितलं. तिच्यावर पाळत नव्हती, तिला दार उघडं होतं.

आणखी एक सांगते. 1994 हेच साल महाराष्ट्राच्या पहिल्या महिला धोरणाचं. त्याच वर्षी राज्याने हिंदू वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या, तरी मोठी गोष्ट होती. केंद्राला 2005 उजाडलं. पण या वाट्याचं होर्डिंग पाहिलंय तुम्ही एसटी स्टँडवर? ‘मुलगी नको, मग बायको कुठून आणणार?’ हे पाहिलं असेल. तिथेही मुलगी हवी ती कोणाच्या तरी चुलीसाठी. आणि वाटा? तो हक्कसोडपत्रावर सही करून भावाला देऊन टाकायचा, नाहीतर माहेर तुटतं.

त्या स्नेहसंमेलनानंतर नाटुकलं बसवणाऱ्या बाईंना मी सुचवलं, पुढच्या वर्षी पोटातल्या मुलीला बापाशी बोलू द्या. म्हणू दे तिला, ‘बाबा, सातबाऱ्यावर माझं नाव लावाल ना?’ बाई हसल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, पुढच्या रांगेत सरपंच बसलेले असतात.’