काचेतल्या बाळाची जनुकीय तपासणी: पालक नाही का म्हणतात?

विषय जड असूनही सभागृह भरलंय, आणि समोर आज्या जास्त दिसतात. बरं झालं. काचेतल्या बाळाचं काय करायचं, हे शेवटी तुम्हाला विचारूनच ठरतं!

आम्हा डॉक्टरांच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपल्याकडचे पालक जनुकीय तपासणीला तयार होत नाहीत.’ मला हे अजिबात मान्य नाही. त्यांना सुईची भीती नसते, रिपोर्टनंतर घरात कुणाकडे बोट दाखवलं जाईल याची असते.

पेठच्या पुढच्या एका पाड्यावरून 108 च्या गाडीने एक बाळ नाशिकला आलं. तिसऱ्या दिवशी दूध ओढेना, मग झटके. रक्तात अमोनिया हा विषारी पदार्थ वाढलेला, म्हणून आनुवंशिक आजाराचा संशय. आई सिझर होऊन तिकडेच, टाके ओले. इकडे बाप एकटा. पिशवीत टोपडी, दुपटी आणि बंद पडलेला मोबाइल. मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये त्याच्यापुढे इंग्रजी फॉर्म आला. ‘जेनेटिक टेस्ट आहे, सही करा.’ त्यानं विचारलं, ‘रक्त कुणाचं?’ ‘तिघांचं.’ त्यानं पेन परत दिलं. फाइलवर नोंद झाली: पालकांचा नकार.

या नोंदीचा मला आजही राग येतो. कुणी समजावलंच नाही, तर नकार कशाला म्हणायचं? सकाळी बाकावर शेजारी बसल्यावर तो बोलला. बायको मामाची मुलगी. तिच्या रक्तात काही निघालं तर घरचे तिला माहेरी धाडतील, ही धास्ती. मोबाइल चार्ज करून दिला, दोघांचं बोलणं करवलं. तिनं एवढंच विचारलं, ‘पुढच्या लेकराचं आधी कळंल का?’ मग त्यानं सही केली.

अशा बऱ्याच आजारांत आईबाप दोघंही ठणठणीत असतात. दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. नात्यात लग्न झालं तर दोघांत तोच बिघाड असण्याचा संभव वाढतो, पण नात्याबाहेरही हे घडतं. काही बिघाड तर बाळातच नव्यानं होतात. सासूबाईंनो, सुनेकडे बघण्याआधी हे लक्षात घ्या.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

रिपोर्ट यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर उपचार थांबत नाहीत. कधी सापडलेल्या बदलाचा अर्थच लागत नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून आनुवंशिक आजार नाहीच, असंही नाही. हे सहीच्या आधी सांगायला हवं, मराठीत, आणि आई दुसऱ्या दवाखान्यात असेल तर तिला फोनवर घेऊन.

खर्चाचं ओझं खरंच मोठं आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात उपचारांसाठी 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांतून. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक.

आणि बाळ अत्यवस्थ असेल तर पालकांना विचारून रक्त घ्या, डीएनए साठवा. तपासणीला पाठवायचं की नाही, हे घरचे नंतर ठरवतील. पुढच्या खेपेला साधारण 11 ते 14 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, पण त्यासाठी या बाळातला नेमका बिघाड आधी माहीत असावा लागतो. नमुना साठवला नसेल, तर बाळ गेल्यावर तो शोधणं फार अवघड होतं.