ईसीएचएसचं कार्ड असताना विमा कशाला?

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर. माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलीक्लिनिकसमोरची सकाळ. एसटीनं आलेली माणसं, हातात कापडी पिशव्या.]

या पिशव्यांमध्ये काय असतं ते बघा. प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं स्मार्ट कार्ड, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स, मागच्या महिन्याची औषधांची चिठ्ठी, आणि तळाशी घडी घातलेली आणखी एक रिकामी पिशवी. ती फौजी कॅन्टीनमधल्या खरेदीसाठी. गावाकडून यायचं म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा औषधं आणि कॅन्टीन एकाच फेरीत उरकायचं, असा इथला रिवाज.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. पेन्शनीला येताना एकदाच पैसे भरायचे: शिपायापासून हवालदारापर्यंत 30 हजार, सुभेदार-नायब सुभेदारांना 67 हजार, अधिकाऱ्यांना 1 लाख 20 हजार. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना तेवढेही नाहीत. त्यानंतर नवरा-बायको दोघांनाही हयातभर उपचार. खर्चाला वरची मर्यादा नाही, वयाची अट नाही, आणि शुगर-बीपी आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून इलाज सुरू. मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत यात बसते. उत्पन्नाच्या अटीत बसले तर आई-वडीलसुद्धा.

या अटींवर बाजारात एकही पॉलिसी मिळत नाही. त्यामुळे ‘चांगला विमा काढलाय, आता ईसीएचएसचे पैसे कशाला भरायचे’ असं कुणी सांगायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

[दृश्य: बसच्या खिडकीतून मागं पळणारी सोयाबीनची शेतं. मैलाचे दगड.]

मग अडतं कुठं? अडतं अंतरावर. किनवटच्या माणसाला नांदेडच मुळात शंभर किलोमीटरच्या वर. आष्टीच्या फौजीला बीडपेक्षा नगर जवळ, म्हणून तो नगर धरतो. पॉलीक्लिनिकनं रेफर केल्याशिवाय पॅनलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या, हॉस्पिटलात सहसा कॅशलेस होत नाही, आणि पॅनलवरची मोठी हॉस्पिटलं शहरांतच. त्यातही दर परवडत नाहीत, बिलं थकली, म्हणून एखादं हॉस्पिटल मधेच बाहेर पडतं. मागच्या वर्षी जिथं बायपास झाली, तिथं या वर्षी कार्ड चालेलच असं नाही.

आता रात्री दोनची वेळ धरा. छातीत कळ आली. अशा वेळी पॅनल बघत कोण बसतो? पोरं गाडीत घालतात आणि जे जवळ असेल ते हॉस्पिटल गाठतात. ते पॅनलवरचं निघालं तर प्रश्न मिटला, कारण तातडीच्या वेळी तिथं रेफरलची गरज नसते. नसलं, तर पैसे आधी घरच्यांनी भरायचे आणि 48 तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवायचं. पुढं कागदपत्रं देऊन पैसे परत मिळतात, पण ठरलेल्या सरकारी दरानंच. बिल कितीही येवो. आणि तातडी नसताना आपल्या मर्जीनं पॅनलबाहेर गेलात, तर एक रुपयाही मिळत नाही.

खासगी विम्याची जागा इथं आहे. ईसीएचएसच्या ऐवजी नव्हे, या फटीत.

[दृश्य: एक घर. ओट्यावर बसलेलं जोडपं, समोर पॉलिसीची कागदं.]

“अहो, कार्ड हाय की आपल्यापाशी, मग अजून पैसे कशाला घालायलेत?” हा प्रश्न फौजीच्या घरात हमखास निघतो, आणि तो चुकीचा नाही. वर्षाचा हप्ता म्हणजे पेन्शनीतला चांगलाच घास. म्हणून पहिल्या रुपयापासूनचं संपूर्ण कव्हर घेण्यापेक्षा सुपर टॉप-अप बघावा, असं आम्हाला वाटतं. यात एक उंबरठा ठरलेला असतो, समजा तीन लाखांचा. वर्षभरातली हॉस्पिटलची बिलं मिळून त्याच्या वर गेली, की वरचा भार कंपनीवर. उंबरठ्याखालचे पैसे कुणी भरले, विम्यानं की खिशातून, याला बहुतेक पॉलिसींमध्ये महत्त्व नसतं. म्हणूनच हप्ता बराच कमी बसतो.

हिशेब करून बघू. तातडीनं पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं, बिल झालं सहा लाख. तीन लाखांवरचे तीन लाख विमा कंपनीनं दिले. उरलेल्या तीन लाखांची फाइल ईसीएचएसकडं. सरकारी दरानं त्या उपचाराचे दोन लाख बसत असतील, तर दोन लाख परत. घरातून गेले एक लाख. विमा नसता तर गेले असते चार.

क्रम मात्र उलटा करून चालत नाही. आधी विमा कंपनी, मग ईसीएचएस, आणि दोन्हीकडून मिळून मिळालेली रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त होता कामा नये. मूळ बिलं कंपनीकडं जमा होतात. त्यामुळे कंपनीचा शिक्का असलेल्या प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र मागून घ्यावंच लागतं. डिस्चार्जच्या गडबडीत हे पत्र राहून जातं आणि पुढं फाइल त्या एका कागदावाचून पडून राहते. क्लेम टाकण्याआधी पॉलीक्लिनिकच्या बाबूला कागदांची यादी विचारलेली बरी.

[दृश्य: फौजेच्या डिस्चार्ज बुकावरची जन्मतारीख आणि सेवानिवृत्तीची तारीख, जवळून.]

या दोन तारखांमधलं अंतर बघा. शिपाई, नाईक पेन्शनीला येतो तेव्हा तो चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं असतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक 58 व्या वर्षी घरी बसतो, फौजी त्याच्या कितीतरी आधी. विम्यासाठी हेच वय सोन्याचं. तब्येत धडधाकट, शुगर अजून लागलेली नाही, हप्ता कमी. पण नेमका तेव्हाच तो विमा काढत नाही. बँकेत किंवा एखाद्या कंपनीत सुरक्षेची दुसरी नोकरी लागते, तिथला ग्रुप विमा असतो, ईसीएचएस असतंच. दुसरी नोकरी सुटते साठीला, ग्रुप विमा तिथंच संपतो, आणि तेव्हा आठवण होते.

साठीनंतर विमा मिळत नाही असं नाही. एप्रिल 2024 पासून नव्या पॉलिसीसाठी 65 ची कमाल अट राहिलेली नाही. आधीच्या आजारासाठी थांबायचा काळही जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. पण ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत को-पे लपलेला असतो, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा, बऱ्याचदा 20 टक्के, तुमच्याच माथी. सत्तरीला पोचलेल्या आणि शहरात पॅनलच्या हॉस्पिटलाजवळ राहणाऱ्या सुभेदार साहेबांनी नव्यानं महागडी पॉलिसी घेऊ नये, तेच पैसे बँकेत ठेवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. एजंटांना ते पटणार नाही.

फॉर्म भरताना एक गोष्ट मात्र सरळ सांगा: सेवेत असताना झालेलं ऑपरेशन, कमी झालेली मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेनं ठरवलेली तब्येतीची श्रेणी, अपंगत्व पेन्शन. लपवलं आणि पुढं निघालं, तर कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. एजंट म्हणेल, “दादा, लिहू नका, हप्ता वाढंल.” क्लेमच्या दिवशी तो फोन उचलत नाही.

हप्त्याची तारीख जूनमध्ये येऊ देऊ नका. पेरणीच्या तोंडावर घरातला पैसा बियाणं आणि खताला जातो. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत आजार आला तर कव्हर नसतं. दिवाळीला, सोयाबीन विकल्यावर, सोपं जातं.

[दृश्य: मैदानावर धावणारी, भरतीची तयारी करणारी मुलं.]

या मुलांसाठी गणित वेगळं आहे. 2022 पासून अग्निपथमधून भरती झालेले अग्निवीर चार वर्षांनी घरी आले, तर त्यांना ईसीएचएस नाही. त्यांच्यासाठी विमा ही जोड नव्हे, मुख्य आधार तोच.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. आयुष्मान कार्डांचं शिबिर, रांग.]

ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळू लागले. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही हे कार्ड चालतं. ईसीएचएसवाल्यांना मात्र दोन्ही सरकारी योजना एकत्र घेता येत नाहीत, एकच निवडावी लागते. गावातल्या शिबिरात सगळे रांगेत उभे राहतात म्हणून निवृत्त फौजीही उभा राहतो. त्यानं अंगठा लावण्याआधी खिशातलं ईसीएचएसचं कार्ड टेबलावर ठेवावं आणि यानं ते बंद होणार का, हे विचारून घ्यावं.