३०० तासांची शाळा : फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र. पोलिसांची बंद गाडी, मागचं दार उघडं, आत कॅनव्हासचं स्ट्रेचर.]

अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर, १९६०चं दशक. घरात कुणी कोसळलं की फोन पोलिसांना जायचा आणि दारात ही गाडी यायची. कैद्यांना न्यायची तीच, आजाऱ्यांना न्यायचीही तीच. दोन पोलीस उतरायचे, माणसाला उचलून स्ट्रेचरवर घालायचे, दार लावायचे आणि दोघंही पुढच्या सीटवर जाऊन बसायचे. मागे पेशंट एकटा. वाटेत त्याची जीभ घशात गेली, रक्त वाहत राहिलं, श्वास थांबला, तरी ते पाहायला शेजारी कुणी नसायचं.

[दृश्य : लांबलचक काळी शववाहिका, एका अंत्यविधी गृहाच्या दारात.]

बाकीच्या देशातही फार निराळं नव्हतं. १९६६ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातल्या जवळपास निम्म्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवतात, असं त्यात नोंदवलं होतं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. लढाईवर काम केलेल्या तज्ज्ञांचं एक मतही या अहवालात आहे : गंभीर जखमी व्हायची वेळ आलीच, तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर वाचण्याची शक्यता जास्त.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पिट्सबर्गचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळले. तिथे हजर असलेल्या एका नर्सने धडपड केली. पोलिसांच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ते शुद्धीवर आलेच नाहीत. १७ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत एक भूलतज्ज्ञ होते, डॉ. पीटर सफार.

[दृश्य : बॉल्टिमोरची जुनी फिल्म. जमिनीवर निपचित पडलेला स्वयंसेवक, त्याच्यावर वाकलेला दुसरा माणूस.]

सफार मूळचे व्हिएन्नाचे. ही फिल्म त्यांच्या पिट्सबर्गला येण्याआधीची, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. खाली पडलेला माणूस धडधाकट आहे. त्याला भूल देऊन, स्नायू लुळे करणारं औषध टोचलेलं आहे, म्हणजे त्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही. त्या काळी बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, अशी पद्धत शिकवली जायची. त्याने छातीत पुरेशी हवा जातच नाही, हे सफार यांनी मोजून दाखवलं.

आता वाकलेल्या माणसाच्या हातांकडे लक्ष द्या. एक तळवा कपाळावर, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीच्या हाडाखाली. मान मागे, हनुवटी वर. बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून मागे घशावर बसते, ती एवढ्याने उचलली जाते आणि वाट मोकळी होते. मग तोंडाला तोंड लावून फुंकर. छाती फुगलेली फिल्ममध्ये स्पष्ट दिसते.

फुंकणारे लोक डॉक्टर नव्हते, हे या फिल्ममधलं सगळ्यात महत्त्वाचं. ते साधे नागरिक होते, बॉय स्काउट मुलंसुद्धा त्यांत होती. नीट शिकवलं तर हे काम कुणीही करू शकतं, याचा पुरावा सफार यांच्या हातात तेव्हापासून होता. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे. १९६६ सालीच त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. हॉस्पिटलात पोहोचण्याआधी पेशंटचं काय होतं, हा प्रश्न त्यानंतर त्यांनी सोडला नाही.

[दृश्य : आजचा हिल डिस्ट्रिक्ट. सेंटर अ‍ॅव्हेन्यूचा चढ, बंद दुकानं, एक भित्तिचित्र. मग जुनं छायाचित्र : सिव्हिक अरीना या क्रीडागृहाचा पोलादी घुमट.]

हा हिल डिस्ट्रिक्ट. टेकडीच्या एका अंगाला डाउनटाउन, दुसऱ्या अंगाला हॉस्पिटलं आणि विद्यापीठ असलेला ओकलंड. मधली ही वस्ती प्रामुख्याने काळ्या लोकांची. जॅझचे क्लब इथले, नाटककार ऑगस्ट विल्सन इथलेच. १९५०च्या दशकात नगर-सुधारणेच्या नावाखाली टेकडीचा खालचा भाग जमीनदोस्त झाला आणि सुमारे ८,००० माणसं हलवली गेली. त्या जागेवर १९६१ साली हा घुमट उभा राहिला. सेंटर आणि क्रॉफर्ड या रस्त्यांच्या चौकात लोकांनी फलक लावला : इथून पुढे तोडफोड चालणार नाही. चौकाला आज फ्रीडम कॉर्नर म्हणतात.

[दृश्य : फलकाचं छायाचित्र, आणि त्याच कोपऱ्यावर आजचं स्मारक.]

या वस्तीतून पोलिसांना फोन केला तर गाडी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आली तरी पोलीस आणि वस्ती यांच्यात विश्वास नव्हता. वस्तीपासून ओकलंडची हॉस्पिटलं काही मैलांवर. हे अंतर जिवंतपणी पार करणं, एवढाच प्रश्न होता.

मॉरिस फॉक मेडिकल फंड या धर्मादाय संस्थेचे प्रमुख फिल हॅलन एके काळी स्वतः अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. वस्तीत फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस नावाची काळ्या लोकांची संस्था होती आणि जेम्स मकॉय ती चालवत. गाडीतून भाजीपाला घरोघरी पोहोचवणं हे तिच्या उद्योगांपैकी एक. हॅलन सफार यांना भेटले आणि १९६७ साली तिघांचा बेत ठरला. वस्तीची अ‍ॅम्ब्युलन्स वस्तीतलीच माणसं चालवतील. आणि ती नुसते ड्रायव्हर नसतील.

[दृश्य : वर्गातलं छायाचित्र. फळ्यावर हृदयाची आकृती, समोर तरुण काळे पुरुष, कुणी सुटात, कुणी कामाच्या कपड्यांत.]

ही पहिली तुकडी, साधारण पंचवीस जणांची. कुणी व्हिएतनामहून परतलेला, कुणाची शाळा अर्धवट सुटलेली, बऱ्याच जणांना धड नोकरी नाही. शहराच्या नोकरी कार्यालयात या माणसांसाठी शिक्का तयार होता : कामावर घेण्यालायक नाहीत. सफार यांनी त्यांच्यासाठी जो अभ्यासक्रम बनवला, तसा तोवर देशात कुठल्याही अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला शिकवला जात नव्हता. इतर ठिकाणी प्रथमोपचाराच्या थोड्या वर्गांवर भागत होतं. इथे सुमारे ३०० तास.

[दृश्य : प्रशिक्षणाच्या छायाचित्रांची मालिका. रबरी पुतळ्यावर छाती दाबणं, हाताला फळी बांधणं, हॉस्पिटलच्या वॉर्डात.]

शरीररचना, शरीरक्रिया, हृदय-श्वसन पुनरुज्जीवन म्हणजे सीपीआर, पुढच्या टप्प्यातला प्रथमोपचार, शुश्रूषा आणि गाडी सुरक्षित पळवण्याचं शिक्षण. सकाळी फळ्यावर रक्ताभिसरण शिकलेला माणूस नंतर हॉस्पिटलात जाऊन तेच समोर बघायचा. हा पुतळा नॉर्वेत बनलेला. खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेअर्दाल यांनी १९६०मध्ये तो तयार केला. मान मागे केल्याशिवाय त्याच्या छातीत हवा जातच नाही, अशी त्याची रचना आहे, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते.

छातीवरचे हात बघा. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधल्या हाडावर, कोपरं सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडाचा लावायचा नाही, अंगाचं वजन टाकायचं. दंडाच्या जोरावर माणूस दोन-तीन मिनिटांत दमतो, आणि इथे तर चालत्या गाडीत, वळणावळणाच्या उतारावर, तोल सांभाळत हे करायचं असतं. म्हणून सराव पुन्हा पुन्हा.

प्रशिक्षणावर आम्ही एवढा वेळ देतोय, कारण फ्रीडम हाउसबद्दल बोलताना अनेकदा गोष्ट ‘गरीब पोरांना संधी मिळाली’ इथेच थांबते. या माणसांना उपकाराची नोकरी मिळाली नव्हती. शहरातल्या इतर कुणालाही न येणारं काम ती शिकली होती.

[दृश्य : एप्रिल १९६८. धुराचे लोट, रस्त्यावर सैनिक.]

४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हिल डिस्ट्रिक्ट पेटला. त्या धुरात जखमींसाठी फ्रीडम हाउसची माणसं कामाला उतरली. त्याच वर्षी सेवा नियमित सुरू झाली.

[दृश्य : फ्रीडम हाउसची गाडी, बाजूने आणि आतून. कॅमेरा कपाटांवरून सरकतो.]

गाडीच्या आतली मांडणी पाहण्यासारखी आहे. छत उंच, म्हणजे माणसाला पेशंटच्या डोक्याशी बसून काम करता येतं. ऑक्सिजन, घशातली घाण ओढून काढायचं यंत्र, मोडलेल्या हाडांसाठी फळ्या, रेडिओ. आज आपण १०८ फिरवल्यावर येणाऱ्या गाडीत असं काही असणं गृहीत धरतो. तेव्हा हे नवं होतं.

पहिल्या वर्षी या गाड्या सुमारे ५,८०० वेळा धावल्या, ४,६०० हून जास्त रुग्ण हॉस्पिटलात पोहोचवले. कित्येकदा कॉल आधी पोलिसांकडे जायचा, मग ही माणसं पोलिसांचा रेडिओ ऐकत बसायची आणि आधी पोहोचायची. गोऱ्या वस्तीत दार उघडणारा कधी कधी त्यांच्याकडे बघून मागे सरायचा. तरी काम चोख. १९७२ साली दोन महिन्यांतल्या सुमारे १,४०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गंभीर रुग्णांना योग्य उपचार देण्याचं प्रमाण फ्रीडम हाउसचं ८९ टक्के निघालं. पोलिसांचं ३८, स्वयंसेवी गाड्यांचं १३.

[दृश्य : डॉ. नॅन्सी कॅरोलाइन, अ‍ॅम्ब्युलन्सशेजारी.]

या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन. सफार यांच्याकडे अतिदक्षता शास्त्र शिकायला आल्या आणि तिशीतच फ्रीडम हाउसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः गाडीतून जायच्या, आणि प्रत्येक खेपेनंतर काय बरोबर केलं, काय चुकलं, याची झाडाझडती घ्यायच्या. हृदयाचा आलेख वाचणं, शिरेतून औषध देणं, श्वासनलिकेत नळी घालणं, हे सगळं त्यांनी रस्त्यावर आणलं.

[दृश्य : पुतळ्यावर नळी घालण्याचं प्रात्यक्षिक, अगदी जवळून.]

हे आम्ही मुद्दाम जवळून चित्रित केलं. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं पातं लावलेलं उपकरण, डाव्या हातात. पातं तोंडाच्या उजव्या बाजूने आत जातं आणि जीभ डावीकडे सारतं. आता हात मागे वळवायचा नाही, नाहीतर दात तुटतील. मुठीच्या दिशेने, वर आणि पुढे उचलायचं. दिसलं? त्या दोन पांढुरक्या कडा म्हणजे स्वरतंतू. त्यांच्या मधून नळी आत. मग दोन्ही बाजूंना छातीवर स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, पोटावरही ऐकायचं. नळी अन्ननलिकेत गेली आणि लक्षात आलं नाही, तर माणूस हातचा जातो.

तोवर हे काम डॉक्टर करायचे, दिव्याखाली, टेबलावर. फ्रीडम हाउसची माणसं ते जिन्याच्या वळणावर, फरशीवर पालथं पडून करू लागली. जॉन मून आधी हॉस्पिटलात ऑर्डर्ली होते, खाटा ढकलायचे. फ्रीडम हाउसच्या दोघांचा वॉर्डातला वावर, त्यांना डॉक्टर देत असलेला मान त्यांनी पाहिला आणि तेही आले. अ‍ॅम्ब्युलन्सवर अशी नळी घालणाऱ्या पहिल्या काही माणसांत ते होते.

पॅरामेडिक, म्हणजे हॉस्पिटलात पोहोचण्याआधीच असे उपचार करणारा प्रशिक्षित माणूस. त्याच्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम लिहायचं काम अमेरिकी सरकारने कॅरोलाइन यांच्याकडे दिलं. त्यातला कितीतरी भाग हिल डिस्ट्रिक्टच्या रस्त्यांवर तपासून पाहिलेला आहे.

[दृश्य : १९७५. नगरपालिकेच्या नव्या गाड्या, रांगेत.]

शहराच्या श्रीमंत भागांनाही अशी सेवा हवी होती. महापौर पीटर फ्लॅहर्टी यांनी नगरपालिकेची सेवा काढली आणि १५ ऑक्टोबर १९७५ला फ्रीडम हाउस बंद झालं. माणसांना सामावून घ्यायचं ठरलं होतं. परीक्षा, जुन्या नोंदी, हलकी कामं, असं करत बहुतेक जण बाहेर पडले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या या सेवेत ९८ टक्के कर्मचारी गोरे होते.

[दृश्य : जॉन मून, गणवेशात.]

मून टिकले. शहराच्या सेवेत सहायक प्रमुख होऊन २००९ साली निवृत्त झाले, आणि अधिकार हातात आल्यावर काळ्या तरुणांच्या भरतीसाठी झगडले. सेवेतल्या बाकीच्यांपैकी मिचेल ब्राउन पुढे ओहायोतल्या कोलंबस शहराच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचे संचालक झाले. कॅरोलाइन इस्रायलमध्ये गेल्या, तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेलाही त्यांनी असंच घडवलं.

[दृश्य : ओकलंडमधल्या हॉस्पिटलची आजची इमारत, आवारात येणारी अ‍ॅम्ब्युलन्स.]

२०२० साली पिट्सबर्गच्या यूपीएमसी या रुग्णालय समूहाने फ्रीडम हाउस २.० या नावाने प्रशिक्षण पुन्हा सुरू केलं. गरीब वस्त्यांतल्या आणि रोजगार गमावलेल्या लोकांना आपत्कालीन वैद्यकीय कामाचं शिक्षण देऊन नोकरीपर्यंत पोहोचवणं हा त्याचा हेतू.