ट्रक आणि दार

मागच्या रांगांना आधी एक प्रश्न विचारते. ट्रक-कुन कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? बघा, हात सगळे मागेच वर गेले आणि पुढे बसलेले आईबाबा माना वळवून बघायला लागले. तर पुढच्यांसाठी सांगते. ‘कुन’ हे जपानीत मुलग्यांच्या नावापुढे लावतात. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांनी ते लाडानं एका ट्रकला लावलं आहे. हा ट्रक पहिल्याच भागात भरधाव येतो, नायकाला उडवतो, आणि नायक डोळे उघडतो ते दुसऱ्याच जगात. तिथे तलवारी असतात, जादू असते, राक्षसांचा राजा असतो. या प्रकाराला ‘इसेकाई’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थानं ‘निराळं जग’.

मी जपानी शिकवते. पूर्वी वर्गात यायचे ते कंपनीनं पाठवलेले लोक. आता बरीचशी पोरं ॲनिमेच्या वेडानं येतात आणि पहिल्याच दिवशी मला विचारतात, मॅडम, सगळ्या गोष्टी सारख्याच का असतात? पंधरा वर्षांचा मुलगा, खिडकीशेजारचा मागचा बाक, अचानक वर्गात येणारी नवी मुलगी, भुतंखेतं, शाळेचं स्नेहसंमेलन, समुद्रकिनाऱ्याची सहल आणि शेवटी जगाचा नाश टाळायचा. मी म्हणते, सारख्या आहेत खऱ्या. पण ट्रकवाल्या गोष्टी आणि त्यांच्या आधीच्या दारवाल्या गोष्टी यांत मला मोठा फरक दिसतो, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. दारातून परत येता येतं. ट्रकखालून येता येत नाही.

दारवाल्या गोष्टी आधी घेऊ. ‘फुशिगी यूगी’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९२ साली सुरू झाली. तिची नायिका मियाका पंधरा वर्षांची, हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या टांगत्या तलवारीखाली. ती ग्रंथालयात एक जुनं पुस्तक उघडते आणि त्या पुस्तकातच ओढली जाते. ‘इनुयाशा’ ही मालिका टीव्हीवर आली २००० साली. तिच्यातली कागोमे पंधराव्या वाढदिवसाला घराच्या आवारातल्या देवळातल्या विहिरीत पडते आणि निघते ती थेट सोळाव्या शतकाच्या आसपास, लढाया आणि राक्षसांच्या काळात. आणि मग काय करते? चाचणी परीक्षेसाठी परत येते! पाठीवर पिशवी, पिशवीत गणिताची पुस्तकं आणि झटपट नूडल्सची पाकिटं. तिचे आजोबा शाळेला दर वेळी नव्या आजाराचं कारण कळवत बसतात. मला ही मालिका त्या आजोबांसाठी फार आवडते.

वय पंधराच्या आसपास का, याला जपानी शाळेची घडण कारणीभूत आहे. माध्यमिकची तीन वर्षं, मग प्रवेशपरीक्षा, मग हायस्कूलची तीन वर्षं. चौदा-पंधराव्या वर्षी आयुष्याची पहिली मोठी चाळणी लागते. ‘सेलर मून’मधली उसागी चौदाची, ‘इव्हँजेलियन’मधला शिंजी चौदाचा, ‘ब्लीच’मधला इचिगो पंधराचा. ज्या वयात घर आणि शाळा मिळून सांगतात की आता खेळ पुरे, त्याच वयात बरोबर ते दार उघडतं. आईबाप बहुधा गोष्टीत नसतात. लेखकाची अडचण समजून घ्या हो. आई घरात असली तर राक्षसाशी लढायला निघालेल्या मुलीला ती आधी स्वेटर घालायला लावील आणि डबा देईल. कागोमेची आई तेवढी अपवाद आहे, ती लेकीला खुशाल जाऊ देते.

आता दाराचा टोल. पलीकडे गेलात की काहीतरी द्यावं लागतं, आणि हे नियम ॲनिमेवाल्यांनी शोधलेले नाहीत. ‘कोजिकी’ हा जपानचा हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ, इसवी सन ७१२चा. त्यात इझानामी ही देवी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते आणि योमी नावाच्या मृतांच्या लोकात जाते. नवरा इझानागी तिला आणायला जातो. ती म्हणते, उशीर केलात, मी इथल्या चुलीवरचं अन्न खाल्लं. तरी इथल्या देवांशी बोलून बघते, तोवर माझ्याकडे बघू नका. तो अर्थातच बघतो. कुजलेलं, अळ्या पडलेलं शरीर दिसतं तसा पळत सुटतो, आणि दोन लोकांच्या सीमेवरच्या खिंडीत प्रचंड शिळा लोटून वाट बंद करतो. अन्न, मनाई, बंद केलेली वाट. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ हा चित्रपट २००१ सालचा. त्याची नायिका चिहिरो दहाच वर्षांची आहे, म्हणजे आपल्या विषयात ती थोडी लहान पडते, पण तिच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. मूळ जपानी नावात ‘कामिकाकुशी’ हा शब्द आहे. माणूस अचानक नाहीसा झाला की पूर्वी जपानी खेड्यांत म्हणायचे, देवांनी लपवला. आपल्याकडे रानात वाट चुकली की चकवा लागला म्हणतात, त्या गावचाच हा शब्द. चिहिरोचे आईवडील न विचारता देवांच्या अन्नावर ताव मारतात आणि डुकरं होतात. इथवर कोजिकीचाच नियम. पण चिहिरो मात्र हळूहळू पारदर्शक व्हायला लागते, आणि तिथे तिला भेटलेला हाकू नावाचा मुलगा तिला म्हणतो, इथलं काहीतरी खा, नाहीतर नाहीशी होशील. तेच अन्न आईबापांना अडकवतं आणि लेकीला टिकवतं. मियाझाकींनी जुना नियम मोडला नाही, नुसता उलटा करून शिवला. साचा म्हणजे कारागिराला काय, हे मला या एका प्रसंगात कळलं.

दुसरा टोल नावाचा. स्नानगृहाची मालकीण युबाबा करारपत्रावरून चिहिरोच्या नावातली अक्षरं उचलून घेते आणि एकच मागे ठेवते. त्या चित्राक्षराचा अर्थ ‘हजार’. नावात ते ‘चि’ असं वाचलं जातं, एकटं राहिलं की ‘सेन’. अक्षर तेच, उच्चार बदलला आणि पोरीची मोलकरीण झाली. वर्गात मी हे फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा शांतता पसरते. हाकू तर स्वतःचं नाव साफ विसरलेला असतो. तो एका नदीचा देव, आणि ती नदी बुजवून वर इमारती उभ्या राहिलेल्या. परतीची जागाच उरली नाही त्यानं परत जावं कुठं?

तिसरा टोल वेळेचा. कासवाच्या पाठीवर बसून समुद्रातल्या राजवाड्यात गेलेला कोळी, उराशिमा तारो, जपानी पोरांना बालवाडीपासून माहीत असतो. थोडे दिवस राहून परततो तर गावात शेकडो वर्षं उलटलेली. आपल्या पुराणात रेवतीच्या वडिलांचं ब्रह्मलोकातून परतल्यावर झालं तेच. माकोतो शिन्काईंच्या ‘युअर नेम’मध्ये, २०१६ साली, हाच टोल फार हुशारीनं वसूल होतो. ताकी आणि मित्सुहा स्वप्नात एकमेकांच्या शरीरात जातात, फोनवर एकमेकांसाठी नोंदी ठेवतात, आणि आपल्याला वाटत राहतं की दोघं एकाच काळात आहेत. मधे तीन वर्षांचं अंतर असतं, ते कळेपर्यंत धूमकेतूचा तुकडा गावावर कोसळून गेलेला असतो. दोघं भेटतात ती वेळ संधिप्रकाशाची. जपानीत संध्याकाळच्या त्या वेळेला ‘तासोगारे’ म्हणतात. मूळ अर्थ ‘तो कोण?’ समोरून येणारा चेहरा ओळखू येत नाही, म्हणून. त्याच वेळेला ‘भूतभेटीची वेळ’ असाही शब्द आहे. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको असं ज्यांना आजीनं बजावलंय, त्यांना याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही.

बरं, मग ट्रक कुठून आला? खरं तर तोही जुनाच. ‘यू यू हाकुशो’ १९९२ साली पडद्यावर आली. तिच्यात चौदा वर्षांचा दांडगट युसुके एका लहान मुलाला वाचवायला गाडीपुढे उडी घेतो आणि मरतो. वर गेल्यावर कळतं की त्यानं उडी घेतली नसती तरी मूल वाचलंच असतं. या मरणाची तरतूदच नव्हती! तिथला कारभार एन्माच्या मुलाकडे. एन्मा म्हणजे आपला यम, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोचलेला. तर यमाच्या कचेरीतून युसुकेला परत पाठवायची खटपट सुरू होते. म्हणजे गाडी होती, पण तिच्यामागे परतीचं दारही होतं.

ते दार बंद झालं ते बऱ्याच अंशी इंटरनेटवर. २००४ साली जपानात हौशी लेखकांसाठी ‘शोसेत्सुका नि नारो’ हे संकेतस्थळ सुरू झालं. नावाचा अर्थ ‘चला, कादंबरीकार होऊ या’. कुणीही लिहावं, वाचकांनी गुण द्यावेत, वर चढलेल्या गोष्टीची पुस्तकं निघावीत, मग मांगा, मग ॲनिमे. हजारो गोष्टींच्या यादीत वाचक थांबेल तो शीर्षक बघून, म्हणून शीर्षकं अख्ख्या वाक्याएवढी झाली, आणि जग समजावण्यात वेळ जाऊ नये म्हणून सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं व्हिडिओ गेमचं जग उचललं गेलं. ट्रक ही त्याच घाईची सोय. लाट एवढी आली की २०१६ साली याच संकेतस्थळाच्या सहभागानं झालेल्या एका लघुकथा स्पर्धेत इसेकाई गोष्टींना बंदी घातली गेली. ‘कोनोसुबा’ या मालिकेनं तर थट्टाच केली: तिचा नायक काझुमा ट्रकखाली मेलो असं समजतो, प्रत्यक्षात समोर रांगत येणारा ट्रॅक्टर असतो आणि हा निव्वळ धसक्यानं मेलेला असतो.

मी या गोष्टींना नाक मुरडत नाही. ‘मुशोकु तेन्सेई’चा नायक ३४ वर्षांचा, बेकार, वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेतलेला. त्याला परत यायचंच नाही, कारण परत यावं असं मागे काही नाही. ते दुःख खरं आहे. पण ते पंधरा वर्षांच्या मुलाचं नाही. पंधराच्या मुलाच्या अंगात ३४ वर्षांचा थकवा घालून मग त्याला तलवार दिली की माझं मन गोष्टीतून उठतं. दारवाल्या गोष्टीत पोरगी सारखी मागे वळून बघते. ट्रकवाल्या गोष्टीत मागचं घर पहिल्या भागानंतर कुणाला आठवतही नाही, आणि आईनं त्या दिवशी ताट वाढून ठेवलं होतं का, हे विचारायला लेखकाला सवड नसते.

शिन्काईंचा ‘सुझुमे’ २०२२ सालचा, भारतातही २०२३ च्या एप्रिलमध्ये थिएटरात लागला. इथे तर गोष्टच दारांची आहे. ओसाड पडलेल्या जागांमध्ये, एक पडीक स्नानगृह, एक शाळा, एक बंद पडलेली जत्रेची बाग, दारं उघडी राहिली आहेत, आणि त्यांतून भूकंप बाहेर येतो. सतरा वर्षांची सुझुमे ती बंद करत जपानभर फिरते. इझानागीची शिळा आठवली ना? कुलूप लावायची रीत मात्र नवी: त्या जागी पूर्वी राहणाऱ्या माणसांचे आवाज मनात ऐकू यावे लागतात, तेव्हाच किल्लीचं भोक दिसतं. सुझुमेची आई ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत गेलेली. त्या भूकंपात आणि लाटेत १८ हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

शेवटच्या दारापाशी त्या सकाळचे आवाज येतात. घराघरांतून निघणारी माणसं म्हणताहेत, ‘इत्ते किमास’. इंग्रजीत त्याचं ‘मी निघालो’ असं काहीतरी होतं आणि प्रसंग हातातून निसटतो. शब्दशः ते ‘जाऊन येतो’ आहे. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, कुणी म्हटलंच तर मोठी माणसं अडवतात, ‘येतो म्हण’. आणि आतून उत्तर येतं ‘इत्तेराश्शाई’, जाऊन ये. चित्रगृहात माझ्या शेजारी बसलेली विद्यार्थिनी तिथे रडायला लागली, खालच्या ओळी न वाचता.

चित्रपटाचा शेवटचा शब्द आहे ‘ओकाएरी’. दारं बंद करण्यातला तिचा साथीदार सोता चढावरून येताना समोर दिसतो आणि सुझुमे तेवढंच म्हणते. मुलं याला मराठी प्रतिशब्द विचारतात. शब्दकोशात ‘स्वागत’ दिलंय, ते मी खोडून टाकायला लावते आणि वर लिहायला सांगते: ‘आलास?’