शेतीचं धोरण दिल्लीत ठरतं. सांगली-साताऱ्यातून त्यात आपलं म्हणणं कसं घालायचं?

नमस्कार मंडळी.

२१ डिसेंबर २०२४. राजस्थानात जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५वी बैठक भरली होती. केंद्राचे आणि राज्यांचे अर्थमंत्री जमलेले, आणि त्या दिवशीच्या विषयांत एक विषय होता बेदाण्याचा. शेतकऱ्याने आपल्याच द्राक्षाचा बेदाणा करून विकला, तर त्यावर जीएसटी लागतो का? परिषदेने खुलासा केला : लागत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात ज्यांच्या दारात बेदाण्याचं शेड आहे, त्यांना या एका ओळीची किंमत वेगळी सांगायला नको.

असा विषय आपोआप तिथवर जात नाही. कुठल्यातरी कागदावरून तो वर चढतो. आजचा व्हिडिओ त्या कागदाबद्दल आहे. तो कुणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि त्यात काय लिहायचं. यातलं 'कधी' सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच आपल्याकडे कुणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. राज्यघटनेत शेती राज्यांच्या यादीत आहे. पण उसाची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर), हमीभाव, खाद्यतेलावरचं आयात शुल्क, साखरेची निर्यात, खताचं अनुदान, रेशनचं धान्य, हे सगळं केंद्राच्या हातात. सोयाबीनचंच बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्के केलं. ३० मे २०२५ ला, ऐन पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणलं. दोन अधिसूचना. कराड-वाळव्यातल्या सोयाबीनवाल्याला त्या लागू होतात, पण त्याला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून विचारलं जाण्याच्या जागा कुठल्या, ते माहीत पाहिजे.

पहिली जागा, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी सगळ्यात मोठी : कृषी खर्च आणि मूल्य आयोग. १९६५ साली हा आयोग स्थापन झाला. २२ पिकांचे हमीभाव आणि उसाची एफआरपी यांची शिफारस तो करतो, शेवटचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाची समिती घेते.

[पडद्यावर : एफआरपी २०२५-२६, १०.२५ टक्के उतारा, ३५५ रुपये क्विंटल]

२०२५-२६ च्या हंगामासाठी साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये जाहीर झाले. टनाला ३,५५०. आता त्याच सरकारी पत्रकातला दुसरा आकडा बघा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. उसाचा उत्पादन खर्च क्विंटलला १७३ रुपये. म्हणजे टनाला १,७३०. त्या हिशेबाने सरकार म्हणतं, आम्ही खर्चाच्या दुपटीहून जास्त दर देतोय.

तुमचा खर्च टनाला १,७३० येतो का? अडसाली लागण करून दीड वर्ष ऊस सांभाळणाऱ्याने स्वतःच उत्तर द्यावं. पण त्या आकड्याला नुसतं 'खोटं' म्हणून भागत नाही. तो येतो कुठून, ते कळलं पाहिजे. देशभरात निवडक शेतकऱ्यांच्या घरी खर्चाच्या नोंदी ठेवल्या जातात. बियाणं, खत, मजुरी, पाणी, सगळं. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात हे काम राहुरीचं कृषी विद्यापीठ करतं. मग सगळ्या राज्यांची सरासरी निघते. आणि हा १७३ चा आकडा 'ए-टू अधिक एफएल' पद्धतीचा आहे. म्हणजे खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज त्यात नाही. ते धरतात 'सी-टू' खर्चात. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्चावर ५० टक्के मागितले होते, आणि तो खर्च सी-टूच धरा, असं शेतकरी संघटना म्हणतात. सगळं भांडण या दोन हिशेबांमधल्या फरकाचं आहे.

उत्पादन खर्चावर आधारित भाव ही मागणी घेऊन ज्यांनी महाराष्ट्रातला शेतकरी रस्त्यावर आणला, ते शरद जोशी जन्माने साताऱ्याचे. त्यांच्या मांडणीचं बळ घोषणेत जेवढं होतं तेवढंच हिशेबात होतं. तो हिशेब आज आपल्या किती घरांत लिहिला जातो? कारखान्याचं बिल जपून ठेवतात, पण तणनाशकाची पावती, पाणीपट्टी, भांगलणीची मजुरी यांचा पत्ता नसतो. एका गावातल्या वीस-पंचवीस जणांनी एक पूर्ण हंगाम वहीत खर्च लिहिला, प्लॉटचं क्षेत्र आणि टनेज त्याच वहीत घातलं आणि ते आयोगाला पाठवलं, तर त्याला वजन येतं. मंत्र्याला दिलेल्या शाल-श्रीफळाच्या निवेदनाला ते येत नाही.

आणि पाठवायचं कधी? खरिपाचे हमीभाव साधारण मे-जूनमध्ये जाहीर होतात. आयोगाचा अहवाल त्याच्याही आधी सरकारकडे गेलेला असतो. म्हणजे सोयाबीन, तुरीबद्दल जे सांगायचं ते डिसेंबर-जानेवारीतच पोचलं पाहिजे. भाव जाहीर झाल्यावर केलेलं आंदोलन पुढच्या वर्षासाठी असतं, या वर्षासाठी नाही.

उसाचं आणखी एक सांगते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे, केंद्राचा. त्यात १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. शेतकरी नेते राजू शेट्टी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रस्त्यावरच्या ताकदीला केंद्राच्या आदेशातल्या एका कलमाची जोड मिळाली, तेव्हा हे झालं.

आता हळदीकडे येऊ, कारण सांगलीत बसून हळदीबद्दल बोलायचं नाही असं होणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय आज आहे तेलंगणात, निझामाबादला. का? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत निझामाबाद मतदारसंघात १८५ उमेदवार उभे होते, आणि त्यातले पावणेदोनशेहून जास्त शेतकरी होते. मुख्य मागण्या : हळद मंडळ आणि हळदीला हमीभाव. निवडणूक आयोगाला मतदान यंत्रांची वेगळी व्यवस्था करावी लागली. देशभर बातमी झाली. मंडळाची अधिसूचना निघाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि १४ जानेवारी २०२५ ला मंडळाचं उद्घाटन झालं.

त्यांची दुसरी मागणी अजून तशीच आहे. हळद हमीभावाच्या यादीत नाही. ती मागणी आपण उचलू शकतो. मार्केट यार्डात हळदीचे सौदे रोज बघणारे शेतकरी, अडते, व्यापारी, हमाल यांच्याकडे जी माहिती आहे ती दिल्लीत कुणाकडे नाही.

ती माहिती संसदेत न्यायची तर दुसरी जागा म्हणजे खासदार. आधी आपला खासदार कोण ते नीट बघा. वाळवा-शिराळ्याचा माणूस सांगली जिल्ह्यात राहतो, पण मत देतो हातकणंगले मतदारसंघात. फलटण-माणचा माणूस सातारा जिल्ह्यात, पण मतदारसंघ माढा. चुकीच्या दारात निवेदन देणारे खूप असतात.

आणि खासदाराला 'शेतकऱ्याला न्याय द्या' असं लिहून देऊ नका. त्याचं संसदेत काहीच करता येत नाही. तयार प्रश्न द्या. उदाहरणार्थ : हळदीचा हमीभावाच्या यादीत समावेश करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्र सरकारने केंद्राला पाठवला आहे का? कधी? त्यावर काय निर्णय झाला? लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तरासाठी २० प्रश्न लागतात, लेखी उत्तरासाठी २३०. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच द्या. मंत्र्याचं उत्तर कायमचं नोंदलं जातं, आणि पुढच्या पत्रात तेच उत्तर जोडून तुम्ही विचारू शकता, मग आता काय?

तिसरी जागा म्हणजे मसुदे. २०१४ पासून केंद्राचं धोरण आहे की कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा. ते नेहमी पाळलं जात नाही, हे मी स्पष्टच सांगते. २०२० चे तीन कृषी कायदे ५ जूनला थेट अध्यादेश म्हणून आले. विचारणं नाही, मसुदा नाही. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. आधी विचारलं असतं तर इतकी माणसं थंडीत, उन्हात रस्त्यावर बसली नसती. मला त्याचा आजही त्रास होतो.

विचारलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. बीटी वांग्याला, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्याला, २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला होता. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, सगळे बोलले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्या निर्णयाच्या बाजूने असा की विरोधात, सुनावणीने निर्णय फिरला हे खरं.

द्राक्षवाल्यांसाठी तिसरं उदाहरण. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, हरकतींसाठी ४५ दिवस दिले. त्यात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक होतं. द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी आपल्या बागांत ते किती फवारलं जातं, तुम्हाला माहीत आहे. कीडनाशक उद्योगाने जोरदार विरोध केला, आणि २०२३ मध्ये त्या यादीतल्या थोड्याच औषधांवर बंदी आली. मॅन्कोझेब पूर्ण बंदीतून सुटलं. बागायतदाराला ते हवं असेल, फवारणाऱ्या मजुराला आणि खाणाऱ्याला कदाचित नको असेल. पण हरकतींच्या मुदतीत फवारणाऱ्या मजुराचं किती पत्र गेलं असेल? ज्याच्याकडे लिहायला माणूस आहे त्याचं म्हणणं फायलीत राहतं, म्हणून बाकीच्यांसाठी कुणीतरी लिहिलं पाहिजे.

खाणाऱ्यांनो, तुम्ही यातून सुटलेला नाही. पाकिटावर साखर, मीठ, चरबीचा इशारा कसा असावा, हे अन्न सुरक्षा प्राधिकरण ठरवतं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी पदार्थ किती पौष्टिक त्याप्रमाणे पाकिटावर तारे देण्याचा मसुदा काढला. हजारो हरकती आल्या. त्यातली एक तुमची असू शकली असती. शाळेत मुलांना मिळणारं गरम जेवणसुद्धा कुणीतरी मागितल्यामुळे आलं आहे. २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी जनहित याचिका झाली आणि त्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यामागेही तीच लढाई होती. त्या कायद्यात रेशन दुकानापर्यंत दक्षता समिती सांगितली आहे. तुमच्या गावची समिती कधी बसते, विचारा.

आता तो प्रश्न जो मला गावोगावी विचारतात. ताई, हे सगळं इंग्रजीत लिहायचं का?

नाही. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे दिल्लीला मराठीत लिहिणं हा तुमचा हक्क आहे. ग्रामसभेचा ठराव जोडा, खर्चाच्या वहीच्या प्रती जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, तोही मराठीत चालतो. शुल्क १० रुपये. अमुक तारखेला पाठवलेलं आमचं पत्र कुठल्या फायलीत आहे, त्यावर काय शेरा मारला, एवढंच विचारायचं. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.