हार्टलपूलचं सागवानी जहाज आणि इंग्रजीतले जोडशब्द

निवेदन

(दृश्य: जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कॅमेरा खालून वर)

डोक्याला पागोटं बांधलेला हा लाकडी गृहस्थ इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या गोदीत राहतो. जहाजाचं नाव एचएमएस ट्रिंकोमाली. नाळेवरच्या अशा पुतळ्याला इंग्रजीत ‘फिगरहेड’ म्हणतात. ‘फिगर’ म्हणजे आकृती, आणि ‘हेड’ म्हणजे इथे माणसाचं डोकं नव्हे, जहाजाचं पुढचं टोक. हा सगळ्यांच्या पुढे असतो, पण जहाज कुठे वळवायचं ते याला कोणी विचारत नाही. एखाद्या मंडळाच्या नुसत्या नावापुरत्या अध्यक्षाला ‘फिगरहेड’ म्हणतात, ते यावरूनच.

शाळेत जोडशब्दांचा तक्ता पाठ करून घेतात. सन अधिक फ्लॉवर, रेन अधिक बो. तक्ता पाठ होतो आणि विसरलाही जातो. हे शब्द ज्या वस्तूंना चिकटलेले होते, त्या वस्तू आधी डोळ्यांनी बघायला हव्यात. त्यासाठी हे जहाज फार सोयीचं, कारण इथे निम्मे जोडशब्द अजून जागच्या जागी आहेत.

(दृश्य: फळ्या जवळून, लाकडाचे रेषे)

लाकूड नीट बघा. हा ओक नाही, साग आहे. मलबारचा. जहाज बांधलं मुंबईत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली. वाडिया मूळचे सुरतेचे. त्यांच्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी गोदीत जहाजांमागून जहाजं उतरवली. नेपोलियनशी लढाया चालल्या होत्या, इंग्लंडात ओकची टंचाई होती. सागाचा गुण असा की त्यात तेल असतं, आणि ओकमध्ये लोखंडी खिळा जसा गंजतो तसा सागात गंजत नाही.

या जहाजाचे पहिले आराखडे मुंबईला पोचलेच नाहीत. ते एचएमएस जावा या जहाजावर होते, आणि १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने जावाचा निकाल लावला. आराखडे पुन्हा काढावे लागले. १८१६ साली काम सुरू झालं. तळाच्या मुख्य तुळईत जमशेटजींनी पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं, आणि आज, दोनशेहून अधिक वर्षांनंतर, पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून याचंच नाव घेतात. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयानं थोरली, पण ती कोरड्या गोदीत आहे. तरंगतंय ते मुंबईचं जहाज. हे सांगताना आवाज थोडा चढला असेल, तर चढू दे.

या सगळ्यापायी मलबारची जंगलं इतकी तुटत गेली, की सागाचा पुरवठा टिकावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला १८०६ सालीच तिथे वनसंरक्षक नेमावा लागला होता.

(दृश्य: मधल्या डोलकाठीपासून पुढे उतरणारा जाड दोर)

हा दोर. मनगटाहून जाड. मधली मुख्य डोलकाठी मागे कलंडू नये म्हणून तिला पुढच्या बाजूनं ताणून धरतो. डोलकाठीला आधार देणारा दोर म्हणजे ‘स्टे’, आणि मुख्य डोलकाठीचा म्हणून ‘मेनस्टे’. आज एखाद्या गावच्या अर्थव्यवस्थेचा ‘मेनस्टे’ पर्यटन, असं इंग्रजी वर्तमानपत्रात सर्रास छापून येतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोर नसतो. पण अर्थ जरासुद्धा सुटलेला नाही: हा तुटला तर डोलकाठी गेली.

‘ओव्हरहॉल’सुद्धा दोराचाच. हॉल म्हणजे ओढणं. कप्पीतून ताणलेला दोर उलटा ओढून सैल करायचा, मग त्याचा एकेक पेड तपासायचा. गॅरेजमध्ये इंजिन ‘ओव्हरहॉल’ला टाकतो तेव्हा आपण गलबतावरचाच शब्द वापरतो.

(दृश्य: कठड्याची कड, त्यावर हात)

ही जहाजाच्या कुशीची वरची कड. स्पेलिंग वाचलं तर ‘गन-वेल’. गन म्हणजे तोफ, वेल म्हणजे उंच उठलेली जाड फळीची पट्टी. तोफांचा भार पेलायला बसवलेली. पण खलाशाला ‘गनवेल’ म्हणालात तर तो तुम्हाला नवखा समजेल. उच्चार ‘गनल’. पुढचा उंच भाग लिहायचा ‘फोर-कासल’ आणि म्हणायचा ‘फोक्सल’. त्यातला कासल म्हणजे खराच किल्ला: मध्ययुगात जहाजाच्या पुढच्या टोकाला लाकडी बुरूज उभारत आणि त्यावरून तिरंदाज बाण सोडत. बुरूज गेला, तिरंदाज गेले, नाव तेवढं राहिलं.

तसाच ‘बोटस्वेन’, उच्चारात ‘बोसन’. स्वेन हा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा शब्द, अर्थ पोरगा, हाताखालचा गडी. बोटीवरचा हा गडी पुढे दोरशिडांचा मुकादम झाला. हिंदी महासागरातल्या जहाजांवर आपल्याकडचे खलाशी त्याच कामाच्या माणसाला ‘सारंग’ म्हणत, आणि त्याच्या हाताखालचा तो तांडेल. कोळीवाड्यात तांडेल अजून ऐकू येतो, फक्त आता तो स्वतःच्या होडीचा मालकसुद्धा असतो.

स्पेलिंगची टिंगल करणाऱ्यांना एवढंच सांगायचंय: जीभ शब्द झिजवते, लिखाण जोड दाखवतं. ‘बोसन’ नुसता ऐकून त्यात बोट सापडली नसती.

(दृश्य: लाल डगला घातलेला पुतळा, बंदूक)

जहाजावरचे सैनिक, म्हणजे मरीन. यांना ‘रेडकोट’ म्हणत. रेडकोट हा कोट नाही, तो घालणारा माणूस आहे. ‘लंबोदर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसतं पोट येत नाही, गणपती येतो, तसंच. बहुव्रीहि समास. आणि हे मराठीच्या मास्तरांचं कौतुक नव्हे. इंग्रजीचे व्याकरणकार स्वतः अशा शब्दांना ‘बहुव्रीहि’च म्हणतात. द्वंद्व आणि तत्पुरुषही त्यांनी संस्कृतातूनच घेतले. पाणिनीच्या परंपरेतली ही अवजारं युरोपातल्या भाषाभ्यासकांना एकोणिसाव्या शतकात इतकी पसंत पडली, की त्यांनी नावंसुद्धा बदलली नाहीत.

(दृश्य: जहाजाच्या मागच्या बाजूला कप्तानाची खोली, काचेच्या खिडक्यांतून ऊन)

कप्तानाची खोली. या खिडक्या. ‘विंडो’ हा जोडशब्द आहे असं सांगितलं तर बऱ्याच इंग्रजांनाही नवल वाटतं. नॉर्स ‘विंदाउगा’: विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. व्हायकिंग घरांच्या छपरातलं भोक, धूर जायला आणि वारा यायला. त्याआधी इंग्रजीत खिडकीला स्वतःचा एक जोडशब्द होता, ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळ्याचं भोक. तो नॉर्स शब्दापुढे टिकला नाही. आपल्या ‘गवाक्षा’तही गाईचा, की बैलाचा म्हणा, डोळाच आहे. भिंतीला भोक दिसलं की माणसाला डोळा सुचतो.

(दृश्य: खालचा मजला, चूल, पिंप)

वाकून या, छत ठेंगणं आहे. ही जहाजाची चूल. खारवलेलं मांस उकळलं की वर चरबी तरंगायची, तिला म्हणत ‘स्लश’. आचारी ती पिंपात भरून ठेवायचा आणि बंदरात विकायचा. त्या पैशातून खलाशांसाठी बारीकसारीक चैनीच्या वस्तू यायच्या, तो ‘स्लश फंड’. पुढे हिशोबाबाहेरच्या राजकीय पैशाला हेच नाव चिकटलं. चुलीवरची चरबी परवडली.

शेजारी पिण्याच्या पाण्याचं पिंप, ‘बट’. त्याला पाणी काढायला पाडलेलं भोक म्हणजे ‘स्कटल’. दोन्ही मिळून ‘स्कटलबट’. पाणी प्यायला आलेले चार जण तिथे जे कुजबुजत, त्यालाच पुढे अमेरिकन बोलीत ‘स्कटलबट’ म्हणू लागले. म्हणजे अफवा.

‘कॉकपिट’चा प्रवास मात्र लांबचा. आधी कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा: कॉक, पिट, सरळ जोड. मग युद्धनौकेच्या पोटातली, पाण्याच्या पातळीखालची कोंदट जागा, जिथे लढाईत जखमींना आणून टाकत. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी नेल्सननं प्राण सोडला तो व्हिक्टरीच्या कॉकपिटमध्येच. आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा शब्द विमानात चढला. आता वैमानिकाच्या खोलीत कोंबडाही नाही नि खड्डाही नाही.

(दृश्य: डेकवर परत, सुकाणूचं चाक)

शेवटी उजवं आणि डावं. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. ताऱ्याशी संबंध शून्य. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओरबोर्द’, म्हणजे सुकाणूची बाजू, कारण पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या कुशीला बांधत. मग धक्क्याला लावायची ती डावी बाजू. माल चढवायचा तिकडून, म्हणून ‘लादेबोर्द’. स्टारबोर्डच्या संगतीनं त्याचं ‘लार्बोर्ड’ झालं, आणि तिथेच घोळ झाला. वादळात वरून कोणी ओरडलं तर स्टारबोर्ड की लार्बोर्ड, कळेना. १८४४ साली ब्रिटिश नौदलानं हुकूम काढला: लार्बोर्ड बंद, ‘पोर्ट’ म्हणा.

ट्रिंकोमाली मुंबईहून १८१९ साली इंग्लंडला पोचलं तेव्हा लढाया संपल्या होत्या. जहाज छप्पर घालून अडीच दशकं बाजूला ठेवलं होतं. पहिल्यांदा नौदलाच्या कामगिरीवर निघालं ते १८४७ साली. बांधलं तेव्हा त्याची डावी बाजू लार्बोर्ड होती. कामाला लागलं तेव्हा ती पोर्ट होती.