रूट कॅनाल करताना दाढेला भोक पडलं तर

नमस्कार श्रोतेहो. जिभेचं टोक खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून मागे मोजत सहाव्या दातावर टेकवा. ही पहिली मोठी दाढ. सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दुधाचा दात न पाडता गुपचूप येते, म्हणून पुष्कळ घरांत दुधाचीच समजली जाते आणि किडते. तिला बहुतेक वेळा दोन मुळं, एक पुढचं नि एक मागचं, आणि मधल्या बेचक्यात हाड. रूट कॅनाल करताना चुकून भोक पडायचं झालं, तर या बेचक्याला मोठा धोका.

दाढेच्या पोटात नसेची एक बुटकी खोली असते. वयाप्रमाणे, किंवा कीड वर्षानुवर्षं रेंगाळली तर, आतून थर साचत जातात आणि खोलीचं छत जवळजवळ जमिनीला टेकतं. छत उघडायला लावलेलं ड्रिल मग जमिनीतून थेट बेचक्यात उतरतं. दाढ कलंडलेली असेल किंवा वर आधीच कॅप असेल, तर दिशा आणखी फसते. दुसरा प्रकार जास्त दगाबाज. पुढच्या मुळाची बेचक्याकडची भिंत मुळात पातळ, काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर. मूळ वाकडं आणि त्यात जाड ड्रिल फिरवलं, की ही भिंत उभी झिजून फाटते. तिसरा प्रकार पोस्ट बसवताना, म्हणजे कॅपला आधार देणारी खुंटी मुळाच्या रेषेत न जाता कडेने बाहेर निघते.

हे लक्षात कसं येतं? भूल दिलेली असूनही एकदम कळ जाते. कोरड्या होत आलेल्या दातातून लालभडक रक्त वर येतं. मुळाची लांबी मोजणारं यंत्र 20 मिलिमीटरच्या नळीत 11 मिलिमीटरवरच 'टोक आलं' म्हणून सांगतं. मग कागदाची बारीक वात आत सोडून बघायची. नुसत्या टोकाला रक्त लागलं तर भोक मुळाच्या शेंड्याशी. वातीच्या एकाच कडेला डाग पडला तर भिंतीत, आणि डागाच्या उंचीवरून भोकाची खोलीही कळते. या क्षणी दात धुवायचं हायपोक्लोराइट बंद करून सलाईन घ्यायचं. ते औषध भोकातून बाहेर गेलं तर भाजल्यासारखी आग होते आणि गाल सुजतो.

दात वाचेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं: भोक कुठे, केवढं, आणि किती दिवस उघडं राहिलं. हाडात खोलवर असलेलं भोक त्यातल्या त्यात बरं. हिरडी दाताला चिकटते त्या काठाजवळचं सगळ्यात वाईट, कारण तोंडातले जंतू तिथे सहज पोचतात आणि एकदा तिथलं हाड विरघळलं की परत भरून येणं कठीण.

पहिला प्रयत्न आतूनच बुजवण्याचा, शक्यतो त्याच बैठकीत. त्यासाठी एमटीए नावाची पावडर आहे. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने ती 1993 मध्ये मांडली. तिचा मोठा भाग पोर्टलंड सिमेंटचा, एक्स-रेत दिसावी म्हणून बिस्मथ ऑक्साइड. हो, इमारतीच्याच जातीचं सिमेंट, पण शुद्ध आणि बारीक दळलेलं, पोत्यातलं नव्हे. तीन भाग पावडर, एक भाग पाणी. कालवल्यावर ओल्या वाळूसारखी होते आणि चमच्यावरून घसरत राहते, हाताळायला वैतागवाणी. पण ओलाव्यातच घट्ट होते, हा तिचा मोठा गुण. घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. बायोडेंटिन नावाचं याच कामाचं दुसरं सिमेंट साधारण 12 मिनिटांत घट्ट होतं. पुढच्या दातात एमटीए जपून वापरतात, दात काळपट दिसू लागतो.

शस्त्रक्रिया लागते ती आतून पोचताच येत नसेल तेव्हा, म्हणजे पक्की पोस्ट काढता येत नाही, भरलेला मसाला भोकातून बाहेर हाडात गेलाय, किंवा बुजवूनही हिरडीवरची पुळी पुन्हा पुन्हा फुटते. आधी थ्री-डी स्कॅन हवा; साध्या एक्स-रेत गालाकडचं आणि जिभेकडचं भोक एकावर एक दिसतं.

भुलेत 2 टक्के लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन असतं. ते दिल्यावर 10 ते 15 मिनिटं थांबायचं. इथे घाई केली की पुढे सगळं रक्तात चाचपडावं लागतं. मग हिरडी हाडावरच्या आवरणासकट एकसंध उचलायची. गोल बर, म्हणजे ड्रिलचं गोल पातं, आणि सलाईनची धार घेऊन हाडात लहान खिडकी पाडायची. धार कमी पडली तर हाड तापून मरतं. भोकाभोवतीचं मऊ लाल मांस खरवडून काढलं की भोक उघडं पडतं. खुंटीचं टोक बाहेर डोकावत असेल तर ते मुळाच्या पातळीच्या आत कापायचं. अल्ट्रासॉनिक टोकाने भिंतीच्या जाडीला झेपेल तेवढी खोबण करायची. भोक शेंड्याशीच असेल तर शेंडा 3 मिलिमीटर कापून तितकीच खोल खोबण. एमटीए दाबून भरायचं, ओल्या कापसाने कडा पुसायच्या आणि त्यानंतर धार मारायची नाही, नाहीतर भरलेलं वाहून जातं. हिरडीच्या काठाजवळही ते हळूहळू धुपतं, तिथे रेझिनयुक्त ग्लास आयोनोमर, म्हणजे दाताला चिकटणारं भरण, बरं. टाके घालण्याआधी एक एक्स-रे.

बेचक्यातल्या भोकापर्यंत मात्र बाहेरूनही नीट पोचता येत नाही. अशा वेळी दाढ मधोमध कापून खराब मूळ काढतात आणि उरलेल्या अर्ध्यावर कॅप करतात. खालच्या दुसऱ्या दाढेवर गालाकडचं हाड फार जाड. तिथे कधी दाढ अलगद काढून, मुळांना हात न लावता, सलाईनने ओली ठेवून बाहेरच बुजवतात आणि 15 मिनिटांच्या आत परत बसवतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण योग्य दाढ निवडली तर चांगला उपाय आहे. खालच्या उपदाढांजवळ ओठाची नस बाहेर येते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी, साखर, ब्लडप्रेशर, सगळं डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पहिल्या दिवशी गालावरून बर्फ, 15 मिनिटं ठेवून 15 मिनिटं विश्रांती. टाके बघायला ओठ ओढू नका. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, आणि मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद. टाके साधारण आठवड्याच्या आत निघतात. त्यानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे. मुळाशेजारची काळी सावली लहान होत असेल तर हाड भरतंय. ती तशीच राहिली, आणि हिरडीची खोली मोजायची बारीक सळई एकाच जागी खोलवर बुडत असेल, तर मूळ तडकलं असण्याची शक्यता मोठी. ती दाढ मग काढावी लागते.